प्रीॲम्पचा डबा
परवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगच्या धुराचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातलं आमचं अंधेरीचं घर आठवलं. माझ्या नव्या ॲम्प्लिफायरवर रेकॉर्डचा आवाज अगदी बारीक यायचा. रेडिओच्या कारखान्यात कामाला जाणारी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, मध्ये प्रीॲम्प लागतो, रेकॉर्डचा बारीक आवाज आधी वाढवून देणारा." मित्रांसमोर मी तिला झिडकारलं, "काही गरज नाही!" तिने घरीच सोल्डरिंग करून स्वतः बनवलेला पत्र्याचा डबा आणून जोडला, तशी खोली गाण्याने भरून गेली. "तुझ्यापेक्षा हिलाच जास्त कळतं रे!" मित्र हसले. मी डबा तारांसकट उपटला आणि तिच्या तोंडावर फेकून मारला. भुवई फाटली, रक्त गालावरून गळ्यापर्यंत ओघळलं. आई धावत आली, तर बहीण म्हणाली, "पडले." आजही त्या व्रणाबद्दल कुणी विचारलं की ती हेच सांगते, आणि मी शेजारी बसून ऐकून घेतो.