मामांची पिवळी जीभ

माझ्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस जर्मनीतल्या या अख्ख्या येना गावात सापडायचा नाही, आणि त्यांना भीती एकाच गोष्टीची: ओलाव्याची. जन्मभर या गावात भिंगं घासून निवृत्त झालेला हा माणूस हौस म्हणून चिनी वैद्यकाच्या वर्गाला गेला आणि तिथून माणसांच्या नऊ प्रकृती घरी घेऊन आला. कुणाची थंड, कुणाची कोरडी, कुणाची अडलेली. त्यांतली कफाची, ओलसर प्रकृती सगळ्यांत वाईट, कारण मामांच्या मते तिच्यामुळे डोक्यात धुकं साचतं आणि आधी आठवण जाते. तेव्हापासून घरात दही बंद, केळी बंद, भाताच्या जागी जव. भर जानेवारीत खिडक्या सताड उघड्या. भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून ‘ल्युफ्टन’ करणं, म्हणजे खिडक्या उघडून हवा खेळवणं, हा इथल्या लोकांचा धर्मच असल्यामुळे घरमालक मामांवर बेहद्द खूश. आम्ही पाहुणे मात्र स्वेटरवर कोट चढवून जवाची खिचडी खायचो.

त्यांच्याकडे चहाच्या आधी जीभ दाखवावी लागते. माझ्या जर्मन बॉसलाही त्यांनी पहिल्याच भेटीत जीभ काढायला लावली, खिशातल्या भिंगातून निरखली आणि निदान केलं, “तुमचा राग पोटात अडकून बसतो.” बॉसची बायको म्हणाली, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर. स्वतःची परीक्षा तर रोजची. दाढी करताना पावकी, निमकी, औटकीचे जुने पाढे म्हणायचे, मग ट्रामचे थांबे उलट क्रमाने. एखादा थांबा सुटला की दिवसभर तोंड उतरलेलं. मामी जर्मन, पण ऐकून ऐकून तिलाही औटकी पाठ झाली आहे. ते अडले की ती स्वयंपाकघरातून पुढचा आकडा सांगते.

या सगळ्यावर मी मनसोक्त हसायचे. एकदा खिचडी ढवळता ढवळता ते म्हणाले, “सांगलीला शेवटचा गेलो ना, तेव्हा आईने मला खुर्ची दिली आणि विचारलं, आपण कोणाकडे आलात? मला ती वेळ हिच्यावर आणायची नाही गं.” त्यानंतर माझं हसू जरा कमी झालं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज कापत होता. “अगं, जिभेवर पिवळा थर आलाय. ओलावा शिरला. लगेच ये.” मी ऑफिस सोडून धावले. मामा आरसा घेऊन खिडकीपाशी बसले होते, आणि जीभ खरोखरच पिवळीधमक. मग ओट्यावरचं पिवळ्या काठाचं पातेलं दिसलं. “मामा, हळदीचं दूध घेतलंत?”

“घेतो की रोज सकाळी. ओलाव्यावर.”

गावभरच्या जिभा तपासणाऱ्याला आपल्या जिभेवरची हळद ओळखता आली नव्हती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले ते. मग वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं: पिवळी जीभ. हळद. घाबरू नये.

काही दिवसांनी पुन्हा फोन. “अगं, जिभेवर पिवळा थर आलाय. ओलावा शिरला. लगेच ये.” थट्टा असेल म्हणून मी त्यांच्या हसण्याची वाट पाहिली. ते हसले नाहीत. मला फार भीती वाटली.

दार मामीने उघडलं आणि पॅसेजमध्येच माझ्या हातात वही दिली. हळदीची ती ओळ चार वेगवेगळ्या पानांवर होती, चारही वेळा तितकीच सुवाच्य. मी हळूच विचारलं, “मामी, हळद लपवून का नाही ठेवत?”

“लपवली एकदा,” ती तिच्या मराठीत म्हणाली. “तर नुसते घाबरून बसले, कशाला ते कळेना. हळद असली की भीतीला कारण असतं. मग कोणी सांगितलं की ते हसतात.”

मी आत गेले. भिंग घेऊन जीभ नीट पाहिली, पातेल्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच सुचल्यासारखं विचारलं, “मामा, हळदीचं दूध घेतलंत?” त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. मग तसेच हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “किती वेडा गं मी. बरं झालं आलीस. आता तुझी दाखव.”

मी जीभ काढली. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिली.

“उत्तम प्रकृती,” ते म्हणाले. “तू काही विसरायची नाहीस.”

“नाही विसरणार, मामा,” मी म्हटलं आणि सताड उघडी खिडकी लावायला उठले.