अस्तरातला मुद्दा

आपण अंगात काय घालून फिरतो आहोत हे ठाऊक नसलेली जितकी माणसं खांडबाऱ्यात आमच्या दर्जीचाचांनी तयार केली, तितकी दुसऱ्या कुणीच केली नसतील. मी मोजलेली नाहीत. पण पाटील, स्टेशनमास्तर, शाळेतले दोन मास्तर आणि मी, एवढी तर नक्की आहेत. आम्ही सगळे एकाच वादाचे तुकडे अंगावर वागवत होतो.

वाद चाचांचा आणि समोरच्या बोहरी शेटचा. चाचा सुन्नी, शेट शिया. पैगंबरांच्या सोबत्यांत पहिला मान कुणाचा, हा प्रश्न. चाचा म्हणत, सोबत्यांनीच अबू बक्र यांना पुढे केलं, मग उमर, मग उस्मान, मग अली. चौघांचाही मान ठेवायचा. शेट म्हणत, पैगंबरांनी स्वतः अलींना नेमलं होतं, मग निवडायचं उरलं काय? मी दुसऱ्या धर्मातला; त्या थोर माणसांबद्दल बोलायची माझी लायकी नाही. कानावर पडलं तेवढं सांगतो, चुकलं तर चूक माझी. ही बैठक माझ्या जन्माआधीपासून चालू होती. दुपारची सुरतेची गाडी गेली की शेट आपलं खिळ्याकड्यांचं दुकान ओढून घेत आणि चाचांच्या ओट्यावर येऊन बसत. अट एकच होती: ज्याला उत्तर सुचणार नाही तो हरला, आणि वाद तिथेच संपला.

शेट मोठे हुशार. चाचांच्या तोंडात टाचण्या असल्या की नेमका तेव्हाच अवघड मुद्दा काढत. टाचण्यांसकट बोलता येत नाही, म्हणून चाचा हातातल्या कापडावरच खडूनं उर्दूत उत्तर लिहून ठेवू लागले. पुढे ती सवयच लागली. वरून अस्तर शिवलं जाई आणि मुद्दा गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या घरी जाई. एकदा ऐन भरात चाचा बोलता बोलता थांबले. शेट खूश. "केम मियां, अटकी गया?"

"अटका नहीं. तीसरी बात पाटील के कोट में है."

पाटील बाजारातच होते. त्यांना आणलं, कोट उतरवला, अस्तर उसवलं. चाचांनी मुद्दा वाचला, शेटनी तो खोडून काढला, चाचा विचारात पडले, आणि भर बाजारात पाटील बनियनवर उभे. "चाचा, आते तरी कोट शिवी दे ना! मन्ही काय इज्जत ऱ्हायनी?"

"थांब जरासा. इन्हं उत्तरबी तुन्हाच कोटमा लिखनं पडी."

पण भांडण दोघांचं होतं, तिसऱ्याला त्यात शिरायला परवानगी नव्हती. एका गिऱ्हाइकानं चाचांना बरं वाटावं म्हणून शेटच्या पंथाची टवाळी केली. चाचांनी त्याचा अर्धा शिवलेला सदरा एका बाहीसकट त्याच्या हातात ठेवला. "दुसरी बाही जठे तुन्हं तोंड चालस तठे शिवी ले."

मी मॅट्रिक झालो. आमच्या घरात त्यापुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात जाताना काय लागतं हे कुणालाच माहीत नव्हतं. कोट लागत असावा, असं सर्वांचं मत पडलं. तो शिवून देताना चाचांनी विचारलं, "पुनाले किती दिन ऱ्हाशी?"

"चार वरीस, चाचा."

"बेस. उसवू नको."

मला वाटलं, शिलाईबद्दल म्हणताहेत.

दुसऱ्याच महिन्यात वर्गातल्या बाकाच्या खिळ्यानं अस्तर फाटलं. माझा तो एकुलता एक कोट; मला रडूच येणार होतं. तेवढ्यात आत खडूची अक्षरं दिसली. वसतिगृहात एकाला उर्दू येत होतं, त्यानं वाचून दाखवलं. आधी शेटचा प्रश्न होता. तो मी इथे लिहीत नाही, जिथे आहे तिथेच बरा. खाली होतं: "याचं उत्तर मला सापडत नाही. शेटला सांगितलं आहे, उत्तर शिवून ठेवलंय. या अल्ला, हा कोट उशिरा परत येऊ दे."

दिवाळीत स्टेशनवर उतरलो तर आधी शेटनीच हाक मारली. माझी बाही चाचपत हळूच म्हणाले, "मियां कहते हैं, जवाब तुमारे कोट में है. उधेड़ा तो नहीं?"

खरं सांगावं तर चाचा हरत होते. मी चाचरत म्हणालो, "मी नाही उसवला." खिळ्यानं फाडला होता, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं.

शेटनी सुस्कारा सोडला. "अच्छा किया. वो सवाल मेरा आखरी था. उसका जवाब आ गया, तो फिर बपोर को, गाड़ी जाने के बाद, मैं जाऊं कहां?"

ओट्यावर गेलो तेव्हा चाचांनी फाटलेलं अस्तर पाहिलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. "वाचं का?"

"माले उर्दू येत नही, चाचा."

हेही खरंच होतं. त्यांनी अक्षरं न पुसता अस्तर शिवून टाकलं.

तेव्हापासून सुट्टीत मी कोट पुण्यालाच ठेवतो. थंडीत ओट्यावर कुडकुडत बसलो की चाचा विचारतात, "कोट?" मी म्हणतो, "पुनाले ऱ्हायना." चाचा आणि शेट दोघंही समाधानानं मान डोलावतात आणि दुसरा एखादा जुना मुद्दा काढतात.

यंदा माझं शेवटचं वर्ष. नापास व्हावं असं मला मुळीच वाटत नाही, घरच्यांनी फार आशेनं पाठवलं आहे. पण परीक्षा झाली की सगळं सामान घेऊन, कोटासकट, परतावं लागेल. परवा चाचांचं कार्ड आलं, शाळेतल्या मास्तरांच्या अक्षरात. खुशाली वगैरे झाल्यावर तळाशी, जागा नसताना, एक ओळ दाटून बसवली होती: "शेटला आता ओटा चढवत नाही, दुपारी मीच पलीकडे जातो. तू नीट शिकून ये, घाई करू नकोस."