नाशिक–कळवण–सटाणा : दारात साठलेले पाणी

शनिवार, १८ जुलै १९३६, सकाळी साडेअकरा वाजता माझी मोटार मला कारखान्यातून परत मिळाली आणि तिच्याबरोबर एक पावती मिळाली. पावतीवर लिहिले होते : "टप व दारे पाण्यास बंद केली. हमी." पुढे जे झाले त्याचा आरंभ या वेळेपासून धरावा. पावसाला दोष देऊ नये. जुलैत पाऊस पडतो हे नाशिकच्या मोटार-कारखानदाराला ठाऊक असायला हरकत नाही.

पावसाळ्यात स्वतःची मोटार घेऊन वणी-कळवणकडे जाण्याचा बेत असलेल्या वाचकांसाठी मी हे लिहीत आहे. रस्त्याची माहिती खरी आहे, ती घ्यावी. माझ्या चुकीपासूनही काही घ्यावे.

माझी मोटार दोन दारांची, टप मागे पडणारी. विलायतेस परत जाणाऱ्या एका साहेबाकडून निवृत्तीच्या वर्षी घेतली. मुलींच्या शाळा तपासत मी तीस वर्षे टांग्यात आणि बैलगाडीत हाडे खिळखिळी करून घेतली. म्हटले, आता आपल्या हाताने हाकू. जूनअखेर समोरच्या काचेवरून गुडघ्यावर पाणी ठिबकू लागले, म्हणून ती कारखान्यात दिली. घाई होती, कारण सोमवारी तीन वाजता मला कळवणला पोचायचे होते.

त्या तालुक्यातल्या एका खेड्यात अनसूया नावाची शिक्षिका मुलींची शाळा चालवते. सतरा मुली, एक खोली, गळका कौलारू सोपा. ही बाई वर्षातला अर्धा काळ घरी बसून खोटी हजेरी मांडते, असा अर्ज गावातल्या कोणीतरी लोकल बोर्डाच्या शाळा-कमिटीकडे केला. सोमवारी त्याची चौकशी होती. अर्ज खोटा आहे हे मी जाणते. न कळवता दोनदा मी त्या शाळेत गेले, दोन्ही वेळा मुली पाढे म्हणत होत्या, आणि तसा शेरा मी तपासणीच्या वहीत सहीनिशी लिहिला. ती वही आणि तीन वर्षांची हजेरीपत्रके अनसूयेने जूनमध्येच माझ्याकडे आणून ठेवली होती. गावात ती गहाळ होतील अशी तिला भीती वाटत होती. जाताना म्हणाली होती, "बाई, रजिस्टर पोस्टानं कमिटीकडे पाठवून द्या."

मी म्हणाले, "पोस्ट कशाला? मी स्वतः मोटारीतून आणते."

सोमवारी सकाळी सातला निघाले. पहिला श्रावणी सोमवार. सारे नाशिक त्र्यंबकच्या वाटेला, आणि उत्तरेचा रस्ता मला एकटीला मोकळा. दिंडोरीपर्यंत सडक चांगली आहे. तिथून वणीपर्यंत मुरूम, आणि मुरमाखाली खड्डे. पेट्रोल नाशिकलाच भरून जादा डबा बरोबर घ्यावा. वणीपुढे ते मिळेलच अशा भरवशावर राहू नये. वणीच्या चौकात चहा बरा मिळतो, भजी तेलकट.

चहावाला मोटारीभोवती एक फेरी मारून आला. "बाई, तुमीच हाकता? मालक कुठं हायेत?"

"मालक तुमच्यापुढे उभे आहेत."

"मंग ड्रायव्हर?"

"तोही मीच."

त्याने मला साखर जास्त घातली; बहुधा कीव आली असावी.

नांदुरीच्या चढाला पावसाने गाठले. सप्तशृंगीचा डोंगर दिसावा म्हणून लोक या वाटेने येतात. मला पुढच्या दिव्यांपलीकडे काही दिसले नाही. पण टपातून एक थेंब आत आला नाही. कारखानदाराला मी मोठ्याने शाबासकी दिली, हे कबूल करते. वह्यांचे गाठोडे मी पुढच्या बैठकीमागे तळाशी ठेवले होते आणि वरून मेणकापड घट्ट बांधले होते. पाणी आले तर वरून येईल, हा माझा हिशेब. वळणावर डावीकडून खळखळ ऐकू येई; ती चाकाखालच्या पाण्याची असे मी समजत होते.

कळवणच्या अलीकडे गिरणा नदीच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबावे, शूरपणा करू नये. मी तासभर थांबले. पावणेतीनला डाकबंगल्याच्या ओसरीपाशी गाडी लावली. अनसूया तिथे वाट पाहत होती. धुतलेले पातळ, हातात छत्री. तिनेच गाठोडे उचलले, आणि ते उचलताना तिच्या पातळावर निळे पाणी निथळले.

वरचे मेणकापड कोरडे होते. खालून सगळे भिजले होते. पाने एकमेकांना चिकटून पावासारखी फुगलेली, शाळेत गोळ्या विरघळवून केलेली निळी शाई पानभर पसरलेली. मुलींची नावे गेली. माझ्या शेऱ्याच्या जागी बशीएवढा डाग होता. एका हजेरीपत्रकाचा तेवढा पुठ्ठा वाचता आला.

अनसूया रडली नाही. रडली असती तर मला सोपे गेले असते. पान उलटायला गेली, ते हातात आले, तशी म्हणाली, "तुम्हाला मोटार दाखवायची होती, बाई."

हे मला लागले, कारण ते खरे होते. त्या खेड्यात, त्या कमिटीपुढे, भोंगा वाजवत उतरायचे माझ्या मनात होते. तेवढा दोष माझा. तो मी कोणावर ढकलत नाही. बाकीचा ज्याचा आहे त्याने घ्यावा.

कमिटी तीनला भरली. चेअरमनसाहेबांना उपास होता. टेबलावर साबुदाण्याची खिचडी. त्यांनी वह्यांकडे पाहिले आणि ताटली जरा दूर सरकवली.

"हे काय आणलंत?"

"पुरावा. वाटेत भिजला. पण मी स्वतः ही शाळा दोनदा पाहिली आहे, ती भरलेली होती, आणि तसं मी इथे सांगते आहे."

"तुमच्या शब्दाला मान आहे, बाई. पण आपण आता रिटायर झालात. मान कागदाला जोडता येत नाही."

कोपऱ्यातले एक सभासद म्हणाले, "टप उघडा टाकून हवा खात आल्या असतील." दोघेतिघे हसले. तीस वर्षे मी असल्या बाकांवरची कार्टी उभी केली आहेत. त्या दिवशी मी वह्या पुन्हा मेणकापडात बांधत राहिले.

शेवटी चेअरमननी खिचडी पुन्हा जवळ ओढली. "पुढची बैठक आठ ऑगस्टला, शनिवारी. कागद नाही तर नाही. कागद का नाही, याचा कागद आणा. तो भिजला कसा, कोणाच्या चुकीनं, हे ज्याची चूक त्यानं लिहून द्यावं. तेवढं आलं तर तुमची तोंडी साक्ष धरू. नाही आलं, तर या बाईंना कमी करू."

कमी करणे म्हणजे काय हे तिथे कोणी उलगडून सांगितले नाही. अनसूयेच्या पगारावर तिची आई जगते. आणि शाळेला दुसरी शिक्षिका त्या खेड्यात जाणार नाही; कौले उतरवून कोणीतरी गोठ्यावर घालील.

मुक्काम डाकबंगल्यात. खोली कोरडी, खानसाम्याची आमटी पातळ. टांग्यांचे टप शिवणारे उस्मानभाई सटाण्यात आहेत, पाणी कुठून शिरते ते त्यांना कळेल, ही माहिती मात्र त्या खानसाम्याने फुकट दिली.

मंगळवारी सकाळी सटाण्याला निघाले. अनसूया बरोबर आली. रजा टाकली का, विचारले, तर म्हणाली, "आता हजेरी कोण बघतंय?" दोन्ही अंगांना बाजरी टरारून आली होती. पाऊस थांबला होता. हा रस्ता कळवणच्या रस्त्यापेक्षा चांगला आहे आणि घाट नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचे असेल तर याच बाजूने न्यावे.

उस्मानभाईंचे दुकान बाजाराच्या टोकाला. भिंतीवर चामड्याचे पट्टे, दारात एका टांग्याचा उघडा सांगाडा. दाढी पांढरी, बोलणे अर्धे हिंदुस्थानी, अर्धे तिकडच्या अहिराणीचे. मी टपाच्या शिवणीकडे बोट दाखवून बोलायला लागले.

"टप मंग दखू," म्हणत ते सरळ खाली बसले आणि दारावर बोटाच्या पेराने ठोकू लागले. वर ठोकले तर टणटण. खाली खाली येत गेले, आणि वीतभर उंचीवर आवाज एकदम बसला. पुन्हा ठोकले. भरलेल्या घागरीला ठोकल्यासारखा.

"बाई, टपमा काही खोट नई शे. पानी ह्या दारमा शे."

"दारात? दारात पाणी कसं राहील?"

"काचवरथून सगळ्याच गाडीमा उतरस. पन खाले वाट ऱ्हास ना! ह्या दारले वाट नई."

त्यांनी आरी घेतली, दाराखाली चाचपून एका जागी टोचली, आणि काळी गुठळी बाहेर काढली. तिच्यामागून पाण्याची धार त्यांच्या पायांवर आली. चार गुठळ्या निघाल्या, दोन या दाराच्या, दोन त्या. डामर. काचेवरून आत उतरणारे पाणी निघून जावे म्हणून गाडी घडवणाऱ्याने ठेवलेली भोके माझ्या कारखानदाराने डामराने बुजवली होती. पाणी दारात चढत गेले, आतल्या पत्र्याच्या फटीपर्यंत आले, आणि घाटात गाडी कलली की फटीतून गाडीच्या तळावर सांडत राहिले. गळणारे कौल पाहून माणूस डामर घेऊन धावतो, तसा हा भोक दिसले की बुजवत सुटला.

माझे समाधान एवढ्याने झाले नाही. कमिटीचेही झाले नसते. मी पर्समधून खडू काढला, दाराच्या आतल्या बाजूला तळाशी जाड पट्टा ओढला, आणि अनसूयेला दाराच्या काचेवर बाहेरून घागर ओतायला सांगितले. भोके मोकळी असताना सगळे पाणी खालून निघून गेले, पट्टा पांढराच राहिला. मग उस्मानभाईंनी गुठळ्या पुन्हा दाबून बसवल्या. चौथ्या घागरीला पट्टा ओला झाला आणि गाडीच्या तळावर पाणी आले. बाजारातली दहा-बारा माणसे जमली होती.

"दखा," उस्मानभाई त्यांना म्हणाले, "बाई पानीनी परीक्षा लेस!"

अनसूया हसली. दोन दिवसांत तेवढीच एकदा.

त्यांनी पाहिले ते सारे मी मराठीत लिहिले, वाचून दाखवले, खाली त्यांनी उर्दूत सही केली. शिवणीला काही लागले नाही, म्हणून मजुरी घेतली नाही. गुठळ्या काढून मी पाकिटात घातल्या. दुपारी अनसूया उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने परत गेली. खिडकीतून म्हणाली, "त्यानं लिहून दिलं तर कळवा. नाही दिलं तरी कळवा. वाट बघायला लावू नका."

माझा मुक्काम ओळखीच्या एका शिक्षिकेकडे झाला; भाकरी आणि ठेचा उत्तम. बुधवारी भावडबारीचा घाट उतरून चांदवडला आग्रा रोडला लागले. तिथून नाशिकपर्यंत सडक अशी की डोळे मिटून हाकावी. पाऊस दोनदा आला. दाराखालून पाणी बाहेर गळत होते, आतले सतरंजीचे टोकही ओले झाले नाही.

चारच्या सुमारास थेट कारखान्यात गेले.

"या मावशी! टप कसा काय?"

"मी तुमची मावशी नाही. हे काय आहे?" पाकीट टेबलावर उपडे केले.

त्यांनी एक गुठळी उचलून हुंगली. "डामर. तुम्हीच म्हणालात, पाणी येतंय. भोकं दिसली, बुजवली. वरून एक पैसा जास्त घेतला का?"

सगळे ऐकून घेतल्यावर त्यांना वाईट वाटले, असे मला वाटते. टपाचे सगळे पैसे परत द्यायला निघाले, वर मोटार फुकट रंगवून देतो म्हणाले.

"मला पैसे नकोत. चार ओळी लिहून द्या."

"पैसे घ्या, मावशी, पण लिहून नाही देणार. आज तुम्हाला दिलं, की उद्या सगळं नाशिक भिजलेली गादी घेऊन दारात येईल."

त्यानंतर दोन पत्रे पाठवली. उत्तर नाही.

घरी आल्यापासून वह्या मी चुलीजवळ दोरीवर वाळत घातल्या होत्या. त्या वाळल्या आहेत. अक्षर परत आलेले नाही. या प्रवासात हातात राहिले ते एवढेच : टोपलीभर निळा कागद, उस्मानभाईंची सही, आणि अनसूयेने माझ्यावर टाकलेला भरवसा, जो मी गाडीच्या तळाशी ठेवला. आपली मोटार असलेल्या वाचकांनी दाराखालची भोके काडीने मोकळी करून मगच पावसात निघावे, आणि दुसऱ्याचे कागद पोस्टाने पाठवावे.

कारखान्याचे नाव मी येथे दिलेले नाही. मालक हे साप्ताहिक घेतात. टेबलावर पाहिले आहे. म्हणून त्यांना येथेच सांगते. माझ्या मोटारीच्या दारांची भोके आपण बुजवली आणि त्यामुळे आतील हजेरीपत्रके व तपासणीची वही भिजून नष्ट झाली, एवढे आपल्या सहीशिक्क्यानिशी लिहून, शुक्रवार, ७ ऑगस्ट १९३६ रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या घरी पोचते करावे. शनिवारी पहाटे मी कळवणला निघणार आहे. तोंडी निरोप, पैसे किंवा रंगाचा डबा स्वीकारला जाणार नाही. उत्तर लेखी हवे.