चंद्रावतीचा उपास, गुरुदासाची भूक

सर्वणला आमच्या वाड्यावर चतुर्थीची माटोळी बांधावी ती चंद्रावतीने. गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घड, केळी, कांगलांची लाल रानफळं ती अशी बांधते की चौकट जराही कलत नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तिला मेंदूच्या आवरणाचा क्षय झाला. क्षयाच्या गोळ्यांसोबत सूज उतरवायला स्टेरॉईडही सुरू झालं. ताप गेला, ताठलेली मान सैल झाली आणि भूक अशी खवळली की पाव विकणारा पोदेर येण्याआधीच ती पोईसाठी दारात उभी!

"मांय, गाल बघा, गणपतीच झालात," सून विनिता हसायची.

मग श्रावण आला. आयतार, सोमवार, उपासावर उपास. पोट ऐकेना. चंद्रावतीने स्वतःच निकाल लावला: क्षयाच्या गोळ्या चालू, भुकेच्या बंद. उपास नीट झाले; पण श्रावण अर्ध्यावर येताच डोकं ठणकू लागलं, उलट्या झाल्या आणि एका विनिताच्या दोन विनिता दिसू लागल्या.

"एक सून पुरे होती गे," इस्पितळात ती म्हणाली. मग तिने डोळे चोळले. "दोन दोन नारळ दिसले तर माटोळी कशी बांधू?"

डॉक्टर शीतलने स्कॅन पाहिला. "औषध हरलेलं नाही. जंतू मरतायत, पण त्यांच्यावर तुमचंच शरीर चवताळलंय, म्हणून मेंदूला सूज. ती स्टेरॉईडची गोळी एकदम सोडायची नाही, आम्ही सांगू तशी हळूहळू कमी करायची. नजर सुधारेल."

"आणि हरतालिकेचा उपास?"

"गोळी जेवल्यावरच."

लग्नापासून तिचा हा उपास कधी चुकला नव्हता. तिचा नवरा गुरुदास खाकरला. "माझ्याचसाठी धरतेस मगो? मग माझो हांवच धरतां."

हरतालिकेला माटोळी दोन बाकांवर ठेवली. गुरुदास उपाशीपोटी गाठी मारत होता. चंद्रावती भरपेट जेवून खुर्चीत बसली होती.

"तो नारळ डावीकडे घ्या हो."

"खंयचो?"

"एकच तर आसा!"

गुरुदासाचा हात थांबला. चंद्रावतीने बाजूला उभ्या विनिताकडे पाहिलं. एकच. पुन्हा पाहिलं. एकच, तीही रडवेली.

चंद्रावती उठली, नवऱ्याच्या हातातली दोरी घेतली आणि त्याच्या सगळ्या गाठी सोडल्या.

"सरा आता. आणि त्या केळ्यांकडे बघू नका. उपास आसा तुमचो!"