जाऊबाईंचं शिफारसपत्र

आमच्या जाऊबाई एका मोठ्या रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करतात. रक्तदाब मोजायची, हृदयाचा आलेख काढायची, सलाइनचे पंप, सगळी. वय सेहेचाळीस. हातात पाना असला की त्या कुणाच्या बापाला भीत नाहीत. पण नवीन यंत्र कुठलं घ्यायचं याची बैठक भरली, की मोठे साहेब म्हणायचे, "तुम्ही दुरुस्तीचं बघा, हा व्यवहाराचा भाग आहे." अकरा वर्षं त्यांनी हे ऐकून घेतलं. मग एक दिवस जाहीर केलं, की आपण तंत्रज्ञान व्यवस्थापनाचं ऑनलाइन एमबीए करणार आणि त्या बैठकीत खुर्ची मिळवणार. झालं, आमच्या डोक्याला ताप सुरू.

विद्यापीठ निवडण्यातच दोन महिने गेले. एक मीच सुचवलं होतं. संकेतस्थळ इतकं झकास, की नुसतं बघून पदवी मिळाल्यासारखं वाटावं. तिथली एक गोड गळ्याची बाई दिवसाआड फोन करायची, "मॅडम, दोनच जागा उरल्यात!"

"भरून टाका ना अर्ज," मी म्हटलं.

"मान्यता कुणाची आहे?"

"लिहिलंय की खाली. कुठल्याशा आंतरराष्ट्रीय मंडळाची."

"मंडळाला विचारलंस?"

ही त्यांची खोडच आहे. यंत्रावर 'तपासले' अशी चिठ्ठी दिसली, तरी सही कुणाची ते शोधून त्या माणसाला फोन करतात. मी कपाळाला हात लावला. त्यांनी मंडळाचा नंबर हुडकला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून तीच गोड गळ्याची बाई बोलली.

"दोनच जागा उरल्यात का हो अजून?" जाऊबाईंनी विचारलं.

फोन कट. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. माझा चेहरा मात्र जरा पडला होता, खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी एक साधंसुधं विद्यापीठ शोधलं. सरकारी यादीत त्याचं नाव होतं, मान्यता कधीपर्यंत आहे तेही स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी तिथे फोन झालेच. परीक्षा कुठे द्यायची, शिकवणारे शंकांना किती दिवसांत उत्तर देतात, नोकरीत सुट्टी मिळाली नाही तर काय. शेवटी तिथला कारकून त्यांना आवाजावरून ओळखायला लागला.

प्रवेश परीक्षेत संख्याशास्त्र होतं. मी शाळेत गणित शिकवते. घरात मी धाकटी, पण रोज सकाळी सहा ते सात मी मोठी, आणि मी तो तास पुरेपूर वसूल केला. जाऊबाई प्रत्येक गणित तीनतीनदा पडताळायच्या.

"अहो, परीक्षेत वेळ मोजतात!"

"चुकीचं उत्तर लवकर देऊन काय करू?"

असं भांडत भांडत त्या पास झाल्या. मला इतका आनंद झाला, की मी वर्गात पोरांना गृहपाठच दिला नाही.

उरलं वरिष्ठांचं शिफारसपत्र. इथे मात्र जाऊबाईंचं अवसान गळालं. ज्या माणसाने अकरा वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्याच्याच हातात आता सगळं. साहेबांनी पत्र परस्पर विद्यापीठाला पाठवलं आणि चकार शब्द काढला नाही. तीन आठवडे जाऊबाई घरात भाजीत मीठ विसरत होत्या.

मुलाखत संगणकावर होती. मी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून टेबलाच्या कडेला जमिनीवर बसले होते. समोर दोन प्राध्यापक. त्यातले वयस्कर म्हणाले, "तुमच्या साहेबांचं पत्र चारच वाक्यांचं आहे. वाचू का?"

जाऊबाईंनी मान हलवली. टेबलाखाली त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"'अकरा वर्षं यंत्रं घेताना मी यांना एकदाही विचारलं नाही. त्यातली तीन आज गोदामात झाकून पडली आहेत. चूक माझी. याहून मोठी शिफारस मला लिहिता येत नाही.'"

माझे डोळे भरून आले. वाटलं, आता जाऊबाई रडणार, निदान आभार तरी मानणार. त्यांनी रुमालाने नाक पुसलं, घसा साफ केला.

"चार आहेत, सर," त्या म्हणाल्या. "चौथं बंद पडल्याचं साहेबांना अजून कळलेलं नाही."

मग दोघेही प्राध्यापक इतके हसले, की वयस्करांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "प्रवेश दिला," ते म्हणाले. "पण चौथ्याचं त्यांना तुम्हीच सांगा. भर बैठकीत."