निंदा करून विकणारे लिलावकाका

लिलावकाका विकायच्या वस्तूची आधी निंदा करत. रविवारी सकाळी ते लिलावघरातल्या टेबलामागे उभे राहत, हातोडी उचलत आणि खणखणीत आवाजात दोष सांगत. आरशाचा पारा उडालाय, खुर्चीचा चौथा पाय दुसऱ्याच खुर्चीचा आहे, साहेब विलायतेला गेला पण ढेकूण सोफ्यातच राहिलेत. कलकत्त्यातले साहेबलोक तेव्हा घरं मोडून जात होते. माल भरपूर, गिऱ्हाईक संशयी. काकांनी दोष सांगितला की मात्र ते निर्धास्तपणे बोली लावत.

बंगाल्यांत ते निलामवाला, आम्हा मराठी मंडळींत लिलावकाका. सोयरिकीची बोलणी निघाली की नातेवाईक त्यांना ‘व्यापारात आहेत’ म्हणत. याचं खापर काका लेखकांवर फोडत. “उठसूट अब्रूचा लिलाव मांडतात. आमच्याकडे फुटकी बशीसुद्धा तीनदा पुकारल्याशिवाय जात नाही. यांनी कधी लिलाव पाहिलाय का?” मी वर्तमानपत्रात होतो, म्हणून हे मला वारंवार ऐकावं लागे.

भवानीपूरच्या मालतीबाईंचे यजमान वारले. नागपूरला भावाकडे जायचं ठरवून त्यांनी फर्निचर लिलावात दिलं. त्या तिकीट काढायला गेल्या असताना हमालांनी देव्हाराही उचलून नेला. देव तेवढे पुसून डब्यात ठेवले होते, ते वाचले. लिलावघराचा नियम असा, की नंबर चिकटलेली वस्तू पुकारलीच पाहिजे आणि तिच्या मालकाने बोली लावायची नाही. मालतीबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. “मग मी देव कुठे बसवू?” एवढंच त्यांनी विचारलं.

काकांनी मला बोली लावायला बसवलं आणि देव्हाऱ्याचे खरेखोटे सगळे दोष सांगितले. तिथेच चुकलं. बहूबाजारच्या एका फर्निचरवाल्याने ताडलं, काका इतकी निंदा करतात त्या अर्थी वस्तू त्यांनाच हवी आहे. तो चढत गेला. माझ्याजवळच्या पैशांत बसणारी शेवटची बोली झाली, त्याने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात काका स्तुती करू लागले. अस्सल शिसवी, संस्थानिकाच्या राजवाड्यातला, असं कोरीवकाम पुन्हा होणे नाही.

काकांच्या तोंडून स्तुती कोणी कधी ऐकली नव्हती. फर्निचरवाल्याने तोंड मिटलं. मागे कोणी तरी हसलं. काकांनी माझी बोली तीनदा पुकारून हातोडी आपटली.

पुढच्या रविवारपासून ते काहीही म्हणाले तरी लोक एकमेकांकडे बघत. लिलावघराच्या मालकाने हातोडी काढून घेतली आणि त्यांना गोदामावर बसवलं. हे आम्ही मालतीबाईंना कळू दिलं नाही.

हावड्याला आम्ही दोघे त्यांना पोचवायला गेलो. देव्हारा गोणपाटात बांधून गाडीच्या डब्यात चढवला होता. मालतीबाईंनी त्याच्यावरून हात फिरवला.

“काका, मी त्या दिवशी मागेच उभी होते. संसार झाला, पण हा राजवाड्यातला आहे हे आमच्या ह्यांनी मला कधी सांगितलंच नाही.”

देव्हारा साध्या सागाचा होता आणि त्याच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. काकांनी तोंड उघडलं. मग म्हणाले, “सांभाळून न्या.”