सावडीतला एक शब्द

ऑफिसात कोणतीही नवी वस्तू आली की भाऊ आधी तिच्या मागे जात. झेरॉक्सचं मशीन आलं तेव्हा गेले. पाण्याचा फिल्टर भिंतीला लागला तेव्हा गाल भिंतीला टेकवून फटीतून पाहिलं. "म्होरून समदंच चांगलं दिसतं, ताई. मागं काय हाय ते बघावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असं डोकावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांची हौस एका नजरेत फिटते. भाऊंना मात्र जे दिसलं ते समजेपर्यंत चैन पडत नसे.

आमचं ऑफिस कामशेतला, भात पिकवणाऱ्यांच्या संस्थेचं. मी संगणकावर आणि भाऊ भाताच्या आवकीवर. ते रोज कार्ल्याहून येत. निवृत्ती जवळ आली होती, पण नवं काही शिकायचं म्हटलं की माझ्याआधी त्यांची खुर्ची पुढे सरके.

आमच्या संगणकाची जुनी प्रणाली कालबाह्य झाली आणि पुण्याहून एक माणूस येऊन लिनक्सच्या कुळातली, फुकट मिळणारी प्रणाली टाकून गेला. सगळं मराठीत. माझं डोकं उठलं. आपल्याच स्वयंपाकघरातले डबे कुणीतरी हलवून ठेवावेत, तसं झालं. मी चिडचिड करत होते आणि भाऊ मजेत बघत होते.

एका संध्याकाळी मला लवकर निघायचं होतं, म्हणून संगणक बंद करायचं काम मी त्यांच्यावर सोपवलं. सकाळी येऊन बघते तर तो रात्रभर चालूच.

"भाऊ, बंद नाही केलात?"

"त्येच्यावर 'बंद पाडा' म्हनून लिवलंय. चांगला चालू हाय, बंद कशाला पाडायचा?"

मी बघितलं. खरंच की. 'संगणक बंद पाडा.' भाषांतर करणाऱ्या कुणाच्या तरी हातून ते तसं झालं होतं, आणि मी इतके दिवस न वाचताच बटण दाबत होते. मला हसू आवरेना. भाऊ हसले नाहीत. ते उठून संगणकाच्या मागे गेले, वायरी बघून परत आले.

"ह्येचा मालक कोन?"

"कोणी नाही. जगभरातली माणसं आपापला वेळ देऊन बनवतात. मागचं सगळं उघडं असतं. कुणीही बघावं, चुकलं असेल तर सुधारावं."

"कुनीबी?"

"कुणीही."

"म्हंजे सावड," भाऊ म्हणाले.

सावड मावळात कुणाला सांगावी लागत नाही. लावणीला आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. मला उपमा फार आवडली आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"आमच्या आबाला सावडीत कुनी घेतलं न्हाई," ते म्हणाले. "खाचर आमचंबी व्हतं. मजुरीला आमी चालायचो, सावडीला न्हाई. सावडीत पंगतीला बसवावं लागतं ना."

भाऊंचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं, हे मला ठाऊक होतं. ही गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. भाऊच पुढे म्हणाले, "त्यो शब्द आपन दुरुस्त करून द्यायचा. त्यांनी एवढी लावनी केली, आपन एक दिस तरी जायला पायजे. घेत्यात का बघू."

ते 'घेत्यात का' मला लागलं.

दुरुस्ती पाठवायची जागा शोधायला माझे दोन दिवस गेले. तिथे नाव विचारलं होतं. भाऊ थांबले. "आडनाव लागतंय?"

"नाही. काहीही चालतं."

"मंग गावाचं टाक."

मी 'कार्ले' टाकलं आणि 'बंद करा' असा शब्द सुचवून पाठवला. काही दिवसांनी कुणीतरी मराठीतच विचारलं: बदल कशासाठी? भाऊंनी मला उत्तर सांगितलं, मी ते जसंच्या तसं लिहिलं. "बंद पाडत्यात ती गिरनी. बंद करत्यात ते दुकान. सकाळी परत उघडायचं आसतं."

त्यानंतर तिकडून काहीच नाही. रोज सकाळी डबा ठेवायच्या आधी भाऊ विचारायचे, "घेतला का?" मी नाही म्हणून मान हलवायची. ते निवृत्त झाले. मग फोनवर तोच प्रश्न येऊ लागला, आणि खरं सांगते, तो फोन उचलायची मला भीती वाटू लागली.

भातं काढून झाली होती. एक दिवस संगणकाने नवी आवृत्ती मागितली, मी हो म्हटलं. संध्याकाळी बटणापाशी गेले तर तिथे 'बंद करा'. मी लगेच फोन लावला. "भाऊ, घेतला."

"बंद करू नकोस. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. हातात पिशवी, पिशवीत नवा इंद्रायणी तांदूळ. शब्द त्यांनी बोट फिरवून वाचला. मग पिशवी टेबलावर ठेवून मला म्हणाले, "ह्ये त्या लोकांला कसं पोचवायचं? सावडीत आल्यावर जेवायला घालावं लागतं."

मी काय पत्ता देणार? शेवटी ऑफिसातच भात शिजवला. पंगतीत भाऊ मधोमध बसले होते आणि वाढणाऱ्याला नको म्हणत नव्हते.

पुढच्या लावणीपर्यंत भाऊ राहिले नाहीत. संगणक तोच आहे, आता माझ्या हाताला चांगला बसलाय. संध्याकाळी मी त्यांच्या शब्दावर बोट ठेवते, पडदा काळा होतो. निघण्याआधी एकदा मागे जाऊन बघते.